टाकीत पाणी, बाटलीत पुरावा

२६ जून २०२५ च्या रात्री मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यासाठी निघालेल्या १९ गाड्या एकापाठोपाठ एक बंद पडल्या. सगळ्यांनी डोसीगावच्या एकाच पंपावर डिझेल भरलं होतं. टाक्या उघडून डिझेल बाहेर काढलं, तर त्यात पाणी निघालं. रात्रीतच अधिकारी धावले, नमुने घेतले गेले, पंपाला सील लागलं. पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत झिरपलं, असं कारण पुढे आलं. ताफ्यासाठी इंदूरहून दुसऱ्या गाड्या मागवाव्या लागल्या.

तुमची गाडी पुण्यात वारज्याच्या पुलाखाली बंद पडली तर कोणी अधिकारी धावत येणार नाही, हे उघड आहे. पण त्या रात्रीचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाड्या जागच्या जागी थांबल्या. टाक्या चार लोकांसमोर रिकाम्या झाल्या. निघालेलं पाणी नमुना म्हणून राहिलं. एकाच पंपाच्या अनेक गाड्या एकत्र दिसल्या. त्यामुळे ‘आमच्या पंपात काही नाही, तुमच्या गाडीतच दोष असेल’ हे वाक्य कोणाला उच्चारताच आलं नाही. सामान्य वाहनधारकाच्या बाबतीत बरोबर उलटं होतं. गाडी दुरुस्त होते, कारण पुण्यात चांगल्या मेकॅनिकची वानवा नाही. पण तोपर्यंत टाकीतलं पाणी गॅरेजमागच्या गटारात गेलेलं असतं. मग बिल हातात घेऊन पंपावर भांडायला जाणाऱ्या माणसाजवळ रागाखेरीज काही उरत नाही.

म्हणून दुरुस्तीची माहिती पुढे देतोच, पण आधी पाणी येतं कुठून आणि ते ओळखायचं कसं, हे पाहू.

रॉकेलची परीक्षा पाण्याला लागू पडत नाही

पंपावर ग्राहकाला फिल्टर पेपर मागण्याचा हक्क आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. नोझलच्या टोकाचा एक थेंब कागदावर टाकायचा, तो दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडाला की पेट्रोल चांगलं. ही परीक्षा खोटी नाही, पण ती रॉकेलसाठी आहे. रॉकेल सावकाश उडतं, म्हणून कागदावर तेलकट डाग राहतो. एकेकाळी या भेसळीत अफाट पैसा होता. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीत भेसळीचा छडा लावायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना तेलमाफियांनी भरदिवसा जिवंत जाळलं, तेव्हा महाराष्ट्राला त्या धंद्याचं स्वरूप कळलं. आपल्या डोक्यातली ‘भेसळ’ आजही तीच आहे.

पाण्याचं गणित वेगळं आहे. पेट्रोलमध्ये मुद्दाम पाणी मिसळून कोणी फार दिवस कमावू शकत नाही. तासाभरात गाड्या बंद पडतात आणि लोक परत येतात. त्यामुळे माझं मत असं, की पाण्याच्या बहुतेक प्रकरणांत लबाडी कमी आणि हलगर्जी जास्त असते. काउंटरवर जाऊन ‘चोर’ म्हणून ओरडल्याने काही साधत नाही, उलट समोरचा माणूस तोंड मिटून घेतो. आणि हलगर्जीमुळे झालेलं नुकसानही भरून द्यावंच लागतं. त्यासाठी लबाडी सिद्ध करायची गरज नसते.

पुण्याला इंधन येतं ते मुख्यतः लोणी काळभोरच्या डेपोंमधून. मुंबईहून पाइपलाइनने आलेलं पेट्रोल तिथे साठवलं जातं, इथेनॉलही तिथेच मिसळलं जातं आणि टँकर भरून शहरभर जातात. पाणी बहुतेक वेळा शिरतं ते शेवटच्या टप्प्यात, पंपाच्या भूमिगत टाकीत. फरशीच्या पातळीला असलेल्या झाकणाचं रबर कुजलेलं असतं, मॅनहोलच्या खड्ड्यात पाणी साचलेलं असतं, जुनी टाकी गंजून झिरपत असते. पावसाळ्यात ज्या पंपाच्या आवारात घोटाभर पाणी तुंबतं, त्याच्या टाकीची झाकणं त्या पाण्याखाली असतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

टाकीत पाणी आहे का हे पाहायला पंपांवर साधी सोय असते. डिप रॉडच्या टोकाला वॉटर पेस्ट लावून रॉड तळापर्यंत सोडतात. पाणी लागलं तेवढ्या उंचीपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट लागते, कारण तळाशी नुसतं पाणी नसून पाणी आणि इथेनॉलचं मिश्रण असतं आणि साधी पेस्ट त्याला नीट दाद देत नाही. तेव्हा पाण्याचा संशय असेल तर फिल्टर पेपर मागून वेळ घालवू नका. ‘माझ्यासमोर टाकीत वॉटर पेस्ट लावून डिप घ्या’ असं म्हणा. हे वाक्य ऐकलं की समोरच्याला कळतं, गिऱ्हाईक माहीतगार आहे.

डेन्सिटीबद्दलही थोडं. पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असावी, असं भारतीय मानक सांगतं. पाण्याची जवळजवळ १०००. म्हणजे ७४५ च्या पेट्रोलमध्ये पाच टक्के पाणी खरोखर मिसळून गेलं तर आकडा ७५७-७५८ पर्यंत चढेल, आणि पंपाच्या नोंदवहीतल्या घनतेपेक्षा तीनहून अधिक फरक आला की तो संशयास्पदच मानला जातो. पण पाणी असं मिसळत नाही, तळाशी बसतं. शिवाय मशीनवर किंवा बिलावर छापलेली डेन्सिटी ही त्या क्षणी तुमच्या टाकीत पडणाऱ्या इंधनाची मोजणी नसते. ती पाहून निर्धास्त होऊ नका. घनता तपासायचीच असेल तर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता घेऊन समोर मोजायला सांगा. ही साधनं पंपावर ठेवणं बंधनकारक आहे.

तळाला बसणारं पाणी आता एकटं बसत नाही

इथेनॉल आपल्याकडे काल आलेलं नाही. २००१ मध्ये देशात जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही महाराष्ट्रातली दोन ठिकाणं होती. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ च्या जूनपर्यंत देशाची सरासरी दहा टक्क्यांवर पोहोचली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं, म्हणजे ई-२० पेट्रोल बाजारात आलं. आज पुण्यात साधं पेट्रोल मागितलं की तेच मिळतं. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि इथेनॉलचे कारखाने उभारणारी प्राज ही कंपनी, दोन्ही इथल्याच, त्यामुळे या विषयावर पुणेकरांची मतं जरा जास्तच ठाम असतात. ई-२० चांगलं की वाईट हा वाद इथे नको. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली आहे, पेट्रोल तेच मिळणार आहे. आपल्याला पाहायचं आहे ते एवढंच, की पाणी शिरल्यावर या पेट्रोलचं काय होतं.

इथेनॉलविना पेट्रोल पाण्याला जवळजवळ थारा देत नाही. पाणी तळाशी जाऊन वेगळं बसतं. इथेनॉल मात्र पाणी ओढून घेतं. दहा टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल १५ अंशाला साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेतं, वीस टक्क्यांचं त्याहून जास्त. तेवढ्यापर्यंत गाडीला काही कळतही नाही, ते पाणी जळून निघून जातं. हद्द ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल, खाली जमतो तो इथेनॉल-पाण्याचा जाड थर.

यातली गोम अशी. समजा भूमिगत टाकीत २०,००० लिटर ई-२० आहे. त्यात इथेनॉल ४,००० लिटर. पूर्वी टाकीत दोन-तीनशे लिटर पाणी शिरलं तर ते तळाशी काही बोटं उंचीचं राही, आणि पेट्रोल ओढणाऱ्या पाइपचं तोंड तळापासून थोडं वर असल्याने पाणी लगेच ओढलं जात नसे. आता पाणी हद्दीपलीकडे जितकं वाढेल तितकं जास्त इथेनॉल त्याच्यासोबत खाली येतं, थर पाइपच्या तोंडापर्यंत चढतो, आणि नोझलमधून जे येतं ते जळण म्हणण्याच्या लायकीचं नसतं. म्हणूनच त्याच पंपावर सकाळी भरलेल्या गाड्या सुखरूप जातात आणि दुपारी भरलेल्या बंद पडतात. ‘सकाळपासून तीनशे गाड्या भरल्या, कोणाची तक्रार नाही’ हे मॅनेजरचं म्हणणं खरं असू शकतं, आणि तरीही तुमच्या टाकीत पाणी असू शकतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका व्हिडिओबद्दल सावध करायला हवं. कोणीतरी बाटलीत पेट्रोल घेतो, त्यात थोडं पाणी ओततो, हलवतो, आणि खालचा थर ओतलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. ‘बघा, पेट्रोलमध्ये किती पाणी!’ ते पाणी नसतं, पाण्याने खाली ओढलेलं इथेनॉल असतं. शंभर मिलिलिटर चांगल्या ई-२० मध्ये दहा मिलिलिटर पाणी घातलं तर खालचा थर तीस मिलिलिटरच्या आसपास जाणारच. बाहेरून पाण्याचा थेंबही न घालता, नुसतं स्थिर ठेवलेल्या पेट्रोलखाली थर दिसला, तरच तो पुरावा. हा फरक माहीत नसलेली तक्रार पहिल्याच सुनावणीत कोसळेल.

रस्त्यावर

पाण्याची खूण ठरलेली असते. पंपावरून निघताना गाडी ठीक असते, कारण पाइपमध्ये जुनं पेट्रोल असतं. एखाद-दोन किलोमीटरनंतर, विशेषतः चांदणी चौकाचा चढ किंवा कात्रजचा घाट लागला की गचके सुरू होतात, इंजिन मिसिंग करतं, पिकअप जातो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि गाडी बंद पडते.

इथे सगळ्यात महागडी सवय म्हणजे पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणं. प्रत्येक वेळी गाडीच्या टाकीतला पंप आणखी पाणी पुढे ढकलतो, ते इंजेक्टरपर्यंत पोहोचतं, प्लग भिजतात, बॅटरी उतरते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत अर्धवट जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होऊ शकतो, आणि तो भाग स्वस्त नाही. दोनदा प्रयत्न करा, नाही झाली चालू तर किल्ली काढा. गाडी टोचन करूनच न्या. डिझेलच्या गाडीत तर एकदाही नको. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर यांचं वंगण म्हणजे डिझेलच, तिथे पाणी गेलं की धातू धातूवर घासतो. डॅशबोर्डवर फिल्टरमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला तर तो पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलू नका.

टोचनची गाडी येईपर्यंतचा वेळ कामी लावा. किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा, दोन्हींचा फोटो काढा. बिल घेतलं नसेल तर यूपीआयचा संदेश शोधा. त्यावर वेळ असते, रक्कम असते, पंपाचं नाव असतं. कोणत्या मशीनवर, कोणत्या नोझलने भरलं ते आठवून लिहा. मग दुसऱ्या वाहनाने पंपावर जा. मोबाइल मशीनजवळ वापरू नका, फोटो काढायचे तर आवाराच्या कडेला उभं राहून काढा. तक्रार पुस्तिका मागा, ती द्यावीच लागते. वेळ, नोझल, लिटर आणि लक्षणं लिहून पानाचा फोटो घ्या. डिप घ्यायला सांगा. आणि आजूबाजूला पाहा: हातात हेल्मेट घेऊन तणतणत आलेला आणखी कोणी दिसतो का? त्याचा नंबर घ्या. दोन अनोळखी माणसांच्या गाड्या एकाच तासात, एकाच पंपाच्या पेट्रोलने बंद पडणं हा तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पंपावर तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा आणि ग्राहक सेवेचा नंबर फलकावर लावलेला असतो. फोन त्याच दिवशी, त्याच तासात करा. घाई का, तर दुसऱ्या दिवशी सकाळी लोणीहून नवा टँकर येतो, टाकी उपसून साफ केली जाते, आणि मग तपासायला काही उरत नाही.

गॅरेजमध्ये

मेकॅनिकला हात लावू देण्यापूर्वी एक गोष्ट ठासून सांगा: टाकीतलं काहीही फेकायचं नाही. टाकी उपसताना तुम्ही हजर राहा. पहिलं निघणारं इंधन पारदर्शक भांड्यात घ्यायला सांगा आणि गाडीची नंबर प्लेट दिसेल असा सलग व्हिडिओ करा. मग तीन काचेच्या बाटल्या, घट्ट धातूच्या झाकणाच्या, कोरड्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, किलोमीटर, तुमची सही, मेकॅनिकची सही, आणि शक्य असेल तर तिऱ्हाईत माणसाची. झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर सही. एक बाटली कंपनीच्या अधिकाऱ्यासाठी, एक प्रयोगशाळेसाठी, एक राखीव. या बाटल्या फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा देवघराजवळ ठेवायच्या नाहीत, हे सांगायला नको. गॅरेजवाल्याकडे उन्हापासून दूर, सावलीत ठेवा. घरी टाकी उपसण्याचा उद्योगही करू नका, पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या गॅसच्या ज्योतीपर्यंत पोहोचते.

तुम्ही घेतलेल्या नमुन्यावर समोरचा आक्षेप घेणार, ‘पाणी तुम्हीच घातलं’ म्हणणार. त्यावर उत्तर एकच: पंपाच्या टाकीचा अधिकृत नमुना घेतला जावा यासाठी आग्रह धरा. २००५ च्या केंद्रीय आदेशानुसार अधिकृत अधिकाऱ्याने पेट्रोलचे एकेक लिटरचे सहा नमुने सीलबंद करायचे असतात. दोन पंपचालकाकडे, दोन कंपनीकडे किंवा खात्याकडे, दोन प्रयोगशाळेकडे. ही मागणी तेल कंपनीला आणि पुणे शहराच्या अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याला लेखी, ईमेलने करा. माप कमी भरल्याची तक्रार असेल तर ती वैधमापन खात्याकडे जाते. पाण्याची तक्रार तिथे नेऊन दोन दिवस वाया घालवू नका.

आता दुरुस्ती. क्रम असा असावा: टाकी पूर्ण उपसून वाळवणं, टाकीतल्या पंपाची जाळी आणि फिल्टर पाहणं, पाइप आणि रेल धुऊन काढणं, प्लग काढून वाळवणं किंवा बदलणं, मग ताजं पेट्रोल घालून चालू करणं. पाणी वेळीच सापडलं तर बहुतेक पेट्रोल गाड्यांचं काम इथेच संपतं आणि खर्च काही हजारांत राहतो. यानंतरही मिसिंग राहिलं तरच इंजेक्टर काढून यंत्रावर तपासायचे. टाकी उपसण्याआधीच ‘सगळे इंजेक्टर आणि पंप असेंब्ली बदलू’ म्हणणारा अंदाजपत्रक पुढे करत असेल, तर दुसऱ्या गॅरेजचं मत घ्या. इंजेक्टर आणि पंप बदलायला घेतले की आकडा कित्येक हजारांवर उडी मारतो. बदललेले जुने भाग परत मागून घ्या. जुन्या कार्बोरेटरच्या दुचाकीला तर कधी कधी कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटीतलं पाणी काढणं आणि टाकी धुणं एवढंच पुरतं.

स्कॅनर लावल्यावर आलेले कोड पुसण्याआधी त्यांची प्रिंट किंवा फोटो घ्या. आणि जॉबकार्डवर ‘गाडी बंद, दुरुस्ती केली’ एवढंच लिहून घेऊ नका. ‘इंधनाच्या टाकीतून अंदाजे इतके लिटर द्रव काढला, त्यात खाली वेगळा थर आढळला, बिघाडाचं कारण इंधनातील पाणी’ असं मेकॅनिकच्या हस्ताक्षरात आणि सहीनिशी हवं. अधिकृत सर्व्हिस सेंटर हे लिहायला कधी कधी कां-कूं करतात. लिहून मिळेपर्यंत बिल भरू नका.

विम्यावर भिस्त ठेवू नका. गाडीच्या सर्वसाधारण पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो आणि कंपनीची वॉरंटीही खराब इंधनामुळे झालेलं नुकसान सहसा सोसत नाही. पुरात गाडी बुडाली तर गोष्ट वेगळी. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्यांचे दावे हे पुराचे दावे होते. तशा गाडीच्या टाकीतही पाणी सापडू शकतं, पण ते पंपाच्या माथी मारू नका.

आधी स्वतःची टाकी

तक्रार करण्यापूर्वी आपल्याच गाडीकडे एकदा पाहा, कारण समोरचा वकील पाहणारच आहे. अनेक दुचाकींच्या टाकीच्या झाकणाभोवती पाणी वाहून जायला एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचं किंवा रात्रभर पडलेल्या पावसाचं पाणी थेट टाकीत उतरतं. वर्षातून एकदा तारेने ते मोकळं करा. मुलांकडे अमेरिकेला सहा महिने जाऊन आलेल्या आजी-आजोबांची पार्किंगमधली गाडी हा पुण्यातला आणखी एक नेहमीचा प्रकार. अर्ध्या टाकीतली हवा दमट होते, इथेनॉल ती ओल शोषतं. इतके दिवस जायचं असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा किंवा जवळजवळ रिकामी, अर्धी नको. एक तांब्याभर पाणी मात्र ओलीमुळे जमत नाही. तेवढं निघालं तर ते कुठून तरी आलेलं आहे.

पंप निवडताना फार शास्त्र नाही. जिथे खप जास्त, तिथे टाकीत माल कमी काळ राहतो. टँकर खाली होत असेल तर पुढच्या पंपावर जा, कारण तळाचा गाळ आणि पाणी त्या वेळी ढवळलेलं असतं. मोठा पाऊस होऊन गेल्यावर आवारात पाणी तुंबलेल्या पंपावर निदान त्या दिवशी टाकी फुल्ल करू नका. आणि बिल घ्या. पन्नास रुपयांचं पेट्रोल टाकतानाही घ्या, लाजू नका.

पैसे मागताना

पहिलं पत्र पंपचालकाला आणि तेल कंपनीला, दोघांना एकत्र लिहा. एकाला लिहिलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तक्रारीचा दिनांक, नमुना, जॉबकार्ड, टोचन, दुरुस्ती आणि गाडी नसताना झालेला रिक्षाचा खर्च, सगळं पावत्यांसह. दखल घेतली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. कंपन्या तिथे बऱ्याचदा हलतात. तिथेही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगातच करता येते, पंप सोलापूर रस्त्यावर असो की साताऱ्यात. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवतो. म्हणून ती तिसरी बाटली. कायद्यात तपासणी असलेल्या प्रकरणासाठी पाच महिन्यांचं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. कागद कसे लावायचे ते समजत नसेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना विचारा. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ही चळवळ पुण्यातच सुरू केली.

बरीच प्रकरणं मात्र आयोगापर्यंत जात नाहीत. चांगला कागद समोर ठेवला की पंपचालक दुरुस्तीचा खर्च द्यायला तयार होतो, त्यालाही गवगवा नको असतो. पैसे घ्या, पण खात्यावर घ्या, रोख नको. आणि ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर त्याच दिवशी सही करू नका. पाण्याने चाटून गेलेला गाडीतला इंधन पंप किंवा इंजेक्टर कधी कधी आठवड्याभराने, गाडी रोजच्यासारखी पळत असताना मान टाकतो. दिलेली रक्कम ‘आजपर्यंतच्या दुरुस्तीपोटी’ आहे असं लिहून घ्या, आणि अंतिम सहीसाठी पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंतची मुदत मागा.